जुन्या कागदाची मिती

जुना मोडी कागद हाती आला की घरातली मंडळी आधी नावे शोधतात. आपल्या मूळपुरुषाचे नाव कुठे आहे, गावाचे नाव कसे लिहिले आहे, एखाद्या पेशव्याचा किंवा छत्रपतींचा उल्लेख आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे असते आणि ते स्वाभाविकही आहे. मी मात्र आता सर्वांत आधी मिती शोधते. मोडी वाचायला शिकले तेव्हा अक्षर लागले म्हणजे कागद लागला असे मला वाटत असे. पुढे लक्षात आले की अक्षर लागूनही कागद अधांतरी राहू शकतो. तो कोणत्या वर्षाचा, कोणत्या महिन्याचा आणि शक्य असेल तर कोणत्या दिवसाचा आहे हे ठरल्याशिवाय त्यातला मजकूर कशाला जोडायचा तेच कळत नाही.

नगर जिल्ह्यातील एका कुटुंबाने दाखवलेला एक कर्जरोखा याचे चांगले उदाहरण आहे. रोख्यावर ‘१७१३’ हा आकडा स्वच्छ दिसत होता आणि कागद इसवी सन १७१३ चा आहे अशी घरात पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती. त्याच वर्षी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले, त्यामुळे कुटुंबाला त्या आकड्याचा अभिमानही होता. परंतु आकड्याच्या आधी ‘शके’ आणि नंतर ‘विरोधकृत नाम संवत्सरे माघ’ असे शब्द होते. शके १७१३ मधील माघ म्हणजे इसवी सन १७९२ चा प्रारंभ. कागद एकदम ७९ वर्षे अलीकडे आला. बाळाजी विश्वनाथांशी त्याचा काही संबंध उरला नाही, हे ऐकून घरातील वडीलधारी माणसे क्षणभर हिरमुसली. मात्र १७९१-९२ हे दख्खनमधील अत्यंत भीषण दुष्काळाचे वर्ष होते. डोजी बारा किंवा कवट्यांचा दुष्काळ म्हणतात तो हाच. नेमक्या त्या माघात या घरातील कर्त्या पुरुषाने जमिनीचा एक तुकडा गहाण टाकून सावकाराकडून पैसे घेतले होते. रोख्यात दुष्काळाचा एकही शब्द नाही, तेव्हा कर्ज दुष्काळामुळेच काढले असे मी म्हणणार नाही. तरीही १७१३ चा म्हणून जो कागद केवळ जुना आणि मिरवण्याजोगा होता, तो १७९२ चा म्हणून एका संसाराची ओढाताण सांगू लागला. त्याच महिन्यांत मराठ्यांच्या फौजा टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत गुंतलेल्या होत्या, आणि त्या मोहिमेविषयी आपण भरपूर वाचलेले असते; नगरकडच्या एका शेतकऱ्याने त्या माघात काय केले हे सांगणारा कागद मात्र क्वचित मिळतो.

शक आणि सन यांतील ७८ वर्षांचे अंतर बहुतेकांना ठाऊक असते. त्यात भर इतकीच घालावी लागते की शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. आकडा पुसट असेल किंवा कसरीने नेमका तोच खाल्ला असेल तर संवत्सराचे नाव उपयोगी पडते. शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले असता जी बाकी उरते, तितक्या क्रमांकाचे संवत्सर प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजून येते. १७१३ मध्ये १२ मिळवले तर १७२५, त्याला ६० ने भागून बाकी ४५, आणि पंचेचाळिसावे संवत्सर विरोधकृत. आकडा आणि नाव जुळले, म्हणजे लेखकाने आकडा लिहिताना चूक केलेली नाही आणि आपण वाचताना केलेली नाही, अशी दुहेरी खात्री मिळते. संवत्सरांची नावे साठ वर्षांनी परत येतात, म्हणून केवळ नाव असेल तर ते एकटे पुरत नाही. परंतु साठ वर्षांचे अंतर अक्षराच्या वळणावरून आणि कागदातील माणसांवरून सहसा ओळखता येते.

घरगुती रोख्यांत आणि धार्मिक व्यवहारांच्या कागदांत शक येतो. सरकारी कागदाची गोष्ट वेगळी असते. शिवकाळ घ्या किंवा पेशवाई, दरबारी पत्रव्यवहारात आणि महसुलाच्या कागदांत सर्रास आढळतो तो सुहूर सन, ज्याला कागदांतून ‘सुरू सन’ असे लिहितात आणि पुष्कळदा ‘सु॥’ एवढ्याच खुणेवर भागवतात. याचे आकडे अंकांत नसतात, अरबी संख्यावाचक शब्दांत असतात, आणि एकक आधी, मग दशक, मग शतक, मग सहस्र या क्रमाने येतात. ‘सबा खमसैन मया व अलफ’ म्हणजे सात, पन्नास, शंभर आणि हजार, अर्थात ११५७. हे वर्ष मृगाला, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी सुरू होते. मृग लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या दिवसांसाठी सुहूर सनात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या हिशेबाने ११५७ म्हणजे जून १७५६ ते जून १७५७.

हिजरी आणि सुहूर यांचे आकडे हिजरी ७४५ च्या सुमारास, म्हणजे १३४४ मध्ये, एकमेकांशी जुळतात. त्यावरून मुहंमद तुघलकाच्या काळात दख्खनमध्ये हा सन सुरू झाला असावा असे मानले जाते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते पिकांच्या हंगामाशी कायमचे जुळून राहत नाही, आणि सारा तर पिकावरच घ्यायचा असतो. म्हणून शब्द अरबी ठेवून वर्ष मात्र सूर्याच्या गतीचे धरले गेले. मला या सनाविषयी विशेष आपुलकी वाटते, कारण त्याचा पहिला दिवस राजाने ठरवलेला नाही. पेरणीची वेळ आली की सरकारचे नवे वर्ष सुरू होत असे, आणि दौलताबाद, विजापूर, अहमदनगर, रायगड, सातारा, पुणे अशी सत्ताकेंद्रे बदलत गेली तरी मृगाचा तो नियम बदलला नाही. शहाजहानच्या काळात दख्खनमध्ये आलेला फसली सनही याच धर्तीचा आहे. तो सुहूरपेक्षा नऊ वर्षांनी मागे असतो, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

सुहूर सनाच्या वाचनात नवशिक्याला अडखळायला लावणारी जोडी म्हणजे ‘सितैन’ आणि ‘सबैन’. पहिला शब्द साठ, दुसरा सत्तर. घाईत लिहिलेल्या मोडीत, शाई फुटलेली असताना, हे दोन शब्द एकमेकांसारखे दिसू शकतात आणि मिती दहा वर्षांनी सरकते. ‘सबा सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६७, अर्थात १७६६-६७. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७७, अर्थात १७७६-७७. दोन्ही वर्षी पेशव्यांचे नाव माधवरावच आहे, त्यामुळे पत्रात ‘माधवराव पंडित प्रधान’ असे वाचून काहीच उलगडत नाही. पहिल्या वर्षी थोरले माधवराव एकवीस वर्षांचे कर्ते पेशवे आहेत. दुसऱ्या वर्षी सवाई माधवराव जेमतेम दोन वर्षांचे बालक आहेत आणि आज्ञा त्यांच्या नावाने सुटत असली तरी कारभार कारभारी चालवत आहेत. अशा वेळी शिक्का असेल तर तो निर्णायक ठरतो, कारण थोरल्यांच्या नावापुढे ‘बल्लाळ’ येते आणि सवाई माधवरावांच्या नावापुढे ‘नारायण’. एकाच वाक्यातील आज्ञा एका तरुण राज्यकर्त्याची आहे की एका पाळण्यातील मुलाच्या नावाने कारभाऱ्यांनी काढलेली आहे, हे त्या एका शब्दाच्या वाचनावर अवलंबून राहते.

वर्ष कळले तरी महिना आणि दिवस बाकी राहतात. सरकारी पत्रांत ते ‘छ’ या अक्षराने दाखवले जातात. छ म्हणजे चंद्र, आणि त्यापुढचा आकडा म्हणजे मुसलमानी महिन्यातील चंद्रदर्शनापासून मोजलेला दिवस. महिन्यांची नावे मराठी तोंडवळणाची आहेत: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. या महिन्यांचा प्रारंभ अमावास्येनंतर चंद्र दिसल्यावर होत असल्याने छ चा आकडा आणि आपली शुद्ध तिथी यांत साधारण एक-दोन दिवसांचे अंतर राहते. पानिपतचा दिवस पाहा. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. तोच छ ७ जमादिलाखर, सुरू सन इहिदे सितैन मया व अलफ. आणि तोच १४ जानेवारी १७६१. सुहूर ११६१ मध्ये ६०० मिळवा, १७६१ येतात. शकात ७९ मिळवा, तरीही १७६१ येतात. तीन वेगळ्या गणना एकाच बुधवारावर येऊन थांबतात, तेव्हा मनाला जी निश्चिंती वाटते तिच्यासाठी हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

याच वर्षात एक अडचण आहे, आणि ती मला समजली तेव्हा या विषयाची खोली प्रथम जाणवली. सुहूर वर्ष सौर आहे, म्हणजे सुमारे ३६५ दिवसांचे. छ ने दाखवलेले बारा महिने चांद्र आहेत, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे प्रत्येक सुहूर वर्षात दहा-अकरा चांद्र दिवस दोनदा येतात, एकदा वर्षाच्या आरंभी आणि एकदा अखेरीस. सुहूर ११६१ मध्ये हा प्रसंग सवाल महिन्याच्या उत्तरार्धात येतो. ‘छ २५ सवाल, सुरू सन इहिदे सितैन मया व अलफ’ अशी मिती असलेले पत्र १० जून १७६० च्या सुमाराचे असू शकते आणि ३० मे १७६१ च्या सुमाराचेही असू शकते. पहिली तारीख धरली तर भाऊसाहेबांची फौज चंबळेच्या परिसरात आहे, दिल्ली अजून हाती यायची आहे, पुण्यात आशा आहे. दुसरी धरली तर पानिपत होऊन साडेचार महिने झाले आहेत आणि नानासाहेब पेशव्यांच्या आयुष्याचे तीन-साडेतीन आठवडे उरले आहेत. मिती अक्षरशः तीच, शब्दांत कुठेही दोष नाही, लिहिणाऱ्याला कसलीच शंका नव्हती, कारण तो त्या दिवसात जगत होता. आपल्याला मात्र पत्राचा मजकूर वाचूनच ठरवावे लागते. कोण जिवंत असल्याप्रमाणे उल्लेखला आहे, कोणाच्या नावापुढे दुःखाचे शब्द आले आहेत, पैशाची निकड कोणत्या कारणासाठी आहे, अशा खुणांवरून त्या दोन तारखांपैकी एकीची निवड होते. संपादित पत्रसंग्रहांत एखाद्या तारखेपुढे प्रश्नचिन्ह दिसले की पूर्वी मला ते अपुरे काम वाटे. आता त्या प्रश्नचिन्हामागचा प्रामाणिकपणा दिसतो.

छत्रपतींच्या पत्रांत राज्याभिषेक शकाची आणखी एक गणना येते. ती ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ पासून सुरू होते आणि दर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिचे वर्ष बदलते. संवत्सर मात्र चैत्रात बदलते. म्हणून राज्याभिषेक शक १ मध्ये ज्येष्ठापासून फाल्गुनापर्यंत आनंद संवत्सर असते आणि पुढे चैत्रापासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंत, आकडा १ च असताना, राक्षस संवत्सर लागलेले असते. सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही गाद्यांच्या सनदांत पुढे दीर्घकाळ हा शक दिसतो. वतनाची सनद पाहताना संवत्सर आणि राज्याभिषेक शक यांचा हा मेळ तपासावा. तो जमला नाही तर नक्कल करणाऱ्याचा हात चुकला आहे काय, किंवा कागद पुढे केव्हा तरी हक्क सिद्ध करण्यासाठी तयार केला आहे काय, असा प्रश्न विचारणे भाग पडते. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुढे येत असत, आणि बनावट करणारा माणूस नावांकडे जितके लक्ष देतो तितके संवत्सराकडे देतोच असे नाही.

इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांकडे वळल्यावर आता तरी सरळ तारखा मिळतील अशी अपेक्षा असते. ती तितकीशी खरी ठरत नाही. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांगच ठेवले, आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर मोजला. त्याआधी दोन्ही तारखांत सतराव्या शतकात दहा आणि अठराव्या शतकात अकरा दिवसांचे अंतर होते. चिमाजी अप्पांनी घेतलेल्या वसईच्या तहाची तारीख कुठे ५ मे १७३९ आणि कुठे १६ मे १७३९ अशी वाचली तर त्यात मतभेद काही नाही, दिवस एकच आहे. इंग्रजांचे वर्षही तोपर्यंत २५ मार्चला बदलत असे. सुरतेच्या वखारीतील १६६३ च्या जानेवारीचे म्हणून जे पत्र दिसते ते आपल्या हिशेबाने जानेवारी १६६४ चे असते, आणि शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीचे वृत्त त्याच जानेवारीतील आहे. हे ध्यानात न घेतल्यास स्वारी लाल महालावरील छाप्याच्या आधी झाली असा उफराटा क्रम लागतो.

लाल महालावरील छाप्याचा उल्लेख आलाच आहे तर दिवस केव्हा सुरू होतो हेही सांगायला हवे. तो छापा शके १५८५ च्या चैत्र शुद्ध अष्टमीच्या रात्रीचा, रमजान महिन्यातला. आपल्या पद्धतीने वार आणि तिथी सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात, मुसलमानी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. म्हणून पुस्तकांत कुठे ५ एप्रिल १६६३ आणि कुठे ६ एप्रिल असे आढळते. रात्रीच्या घटनांबाबत दोन लागोपाठच्या तारखा दिसल्या तर त्यांतील एक चुकीची ठरवण्याची घाई करू नये.

या साऱ्या गणनेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे शिवजन्माची मिती. बखरींच्या आधारे शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७ हे वर्ष दीर्घकाळ मान्य होते. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली, म्हणजे घटनांची शकवार नोंद, लोकमान्य टिळकांकडे आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाकडून प्रसिद्ध झाली. तीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी मिती आहे. नंतर तंजावरला मिळालेल्या आणि १९२७ मध्ये सदाशिव महादेव दिवेकरांनी प्रसिद्ध केलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातही फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली, आणि राजस्थानात सापडलेल्या कुंडलीचाही तिला आधार मिळाला. मला यात भावते ती गोष्ट अशी, की शकावलीची मिती स्वतःची परीक्षा स्वतःच देऊ शकते. १५५१ मध्ये १२ मिळवले की १५६३, बाकी ३, तिसरे संवत्सर शुक्ल. फाल्गुन वद्य तृतीयेचे गणित केले की १९ फेब्रुवारी १६३० येते आणि त्या दिवशी शुक्रवारच पडतो. घडलेली घटना आठवून पन्नास-शंभर वर्षांनी लिहिणाऱ्याला शक, संवत्सर, तिथी आणि वार हे चारही बिनचूक जुळवणे अवघड असते. बखरींतील वैशाखाच्या तिथींतही एकवाक्यता नाही. वैराच्या किंवा अभिमानाच्या भरात नव्हे तर एका शुक्रवाराच्या पडताळ्यावर इतिहासकारांचे मत हळूहळू बदलले, ही गोष्ट मराठी वाचकांना शाळेतच सांगायला हवी असे मला मनापासून वाटते. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. ग्रेगोरियन हिशेबाने त्या दिवशी १ मार्च १६३० येतो. शिवकाळाच्या तारखा ज्युलियन पद्धतीने देण्याचा इतिहासकारांचा रिवाज आहे आणि तो मोडण्याचे कारण नाही, कारण सुरत, मुंबई आणि राजापूर येथील इंग्रजांची पत्रे याच तारखांनी लिहिलेली आहेत. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ हीसुद्धा तशीच तारीख, आणि त्या सोहळ्याला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाच्या नोंदीशी ती त्यामुळेच सहज जुळते.

सर्वांत कठीण कागद मात्र राजांचे नसतात. भावाने भावाला, मुलाने आईला, गुमास्त्याने मालकाला लिहिलेल्या खासगी पत्रांत बहुधा वर्षच नसते. ‘मिती वैशाख वद्य पंचमी’ एवढेच असते, कारण वाचणाऱ्याला वर्ष सांगण्याची गरज नव्हती. अशा पत्रात वार दिला असेल तर तो अमूल्य आहे. एखादी तिथी ठरावीक वारी सरासरी सात वर्षांतून एकदा येते, त्यामुळे माणसांच्या आयुष्याच्या मर्यादा ठाऊक असतील तर तीन-चार वर्षांवर निवड येते. ‘अधिक’ किंवा ‘निज’ (अधिक महिन्याच्या जोडीचा नेहमीचा महिना) शब्द सापडला तर आणखी बरे, कारण तोच महिना पुन्हा अधिक येण्यास सहसा आठ, अकरा किंवा एकोणीस वर्षे लागतात. ग्रहणाचा उल्लेख, धारणीचा दर, एखाद्याच्या मुंजीचे आमंत्रण, नदीला आलेला पूर, यांतले काहीही उपयोगी पडते. पत्र उत्तरेतून आले असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. आपले महिने अमावास्येला संपतात, तिकडचे पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एक असतो आणि वद्य पक्षात तिकडचा महिना एकाने पुढे गेलेला असतो. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले तो दिवस आपल्याकडे शके १५८८ चा श्रावण वद्य द्वादशीचा, १७ ऑगस्ट १६६६. राजस्थानी कागदांत तोच पक्ष भाद्रपदाचा आणि वर्ष संवत १७२३. दोन्हीकडील कागद समोर ठेवून वाचणाऱ्याने हे विसरले तर एकाच घटनेच्या बातमीत एक महिन्याचे खोटे अंतर पडते.

हिशेबासाठी आधी खरे यांची जंत्री, मोडक यांची जंत्री (जुन्या वर्षांच्या तिथी-तारखांची कोष्टके) आणि स्वामिकन्नू पिल्ले यांची कोष्टके हीच साधने होती. आता संगणकावर तारीख घातली की तिथी लगेच मिळते. मी दोन्ही वापरते. संगणकाचे उत्तर ज्युलियन आहे की ग्रेगोरियन, आणि त्याने तिथी सूर्योदयाची धरली आहे की अन्य क्षणाची, हे पाहून मगच ते टिपून घेते. एका दिवसाचा फरक आला तर वार प्रमाण मानते, कारण तिथीचा क्षय किंवा वृद्धी होते, चंद्र एका गावी ढगांमुळे दिसत नाही आणि दुसऱ्या गावी दिसतो, पण वारांची साखळी सगळीकडे सारखीच चालत आलेली आहे. कागदाचे लिप्यंतर देताना मूळ मिती जशीच्या तशी लिहावी, तिच्याखाली आपली तारीख, आणि ती कोणत्या पद्धतीची आहे हे स्पष्टपणे द्यावे. केवळ इंग्रजी तारीख देऊन मूळ मिती गाळली तर पुढच्या वाचकाला आपला हिशेब तपासण्याचा मार्गच बंद होतो, आणि असे कितीतरी छापील संग्रह आहेत की ज्यांतील शंकास्पद तारीख आज सुधारता येत नाही, कारण अस्सल कागद हरवला आहे.

म्हणून घरातील जुना कागद वाचून घ्यायचा असेल तेव्हा छायाचित्र फक्त मजकुराचे काढू नका. शिरोभाग आणि शिक्के पूर्ण येऊ द्या, शेवटची ‘मोर्तब सूद’, म्हणजे मजकूर संपल्याची मोहर, आणि तिच्याजवळची बारीक अक्षरे कापू नका, समासात आडवे लिहिलेले काही असेल तर तेही घ्या. आणि मागची बाजू, ती कोरी वाटली तरी, उजेडात धरून नीट काढा. पत्र पोचल्यावर घेणाऱ्याचा कारकून तिथे ‘पैवस्ती’ची नोंद करून ठेवत असे: छ अमुक, महिना तमुक. पत्राच्या आत वर्ष नसताना कित्येकदा ते तिथे सापडते, आणि लिहिल्याची व पोचल्याची अशा दोन्ही मित्या मिळाल्या तर ते पत्र वाटेत किती दिवस होते हेही कळते.